रसायनशास्त्रात पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण सलग घ्यायचे असेल तर: निवड, प्रवेश आणि पाच वर्षांची आखणी

पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम घेतला की एक वर्ष वाचते, असा समज बारावीच्या निकालानंतर अनेक घरांत ऐकू येतो. हिशेब तसा नाही. तीन वर्षांची बी.एस्सी. आणि दोन वर्षांची एम.एस्सी. मिळून पाच वर्षे होतात; नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची पदवी आणि त्यावर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी घेतली तरी पाच होतात; आणि आयसरसारख्या (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) केंद्रीय संस्थेत बी.एस.-एम.एस. ही जोडपदवी केली तरीही पाचच. फरक पडतो तो ही वर्षे कशी वापरता येतात यात. सलग अभ्यासक्रमात मध्ये प्रवेशपरीक्षा नसल्यामुळे तिसऱ्या वर्षाचा मोठा भाग तिच्या तयारीत खर्ची पडत नाही, उष्मागतिकीची तीच प्रकरणे नव्या संस्थेत पुन्हा पहिल्यापासून गिरवावी लागत नाहीत, आणि शेवटचे वर्ष जवळजवळ पूर्णपणे संशोधनासाठी मोकळे राहते. याची किंमत म्हणजे सतराव्या-अठराव्या वर्षी घ्यावा लागणारा निर्णय आणि मध्येच वाट बदलायची झाल्यास होणारी अडचण. म्हणून ‘वर्ष वाचते का’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘मला प्रयोगशाळेत आणि संशोधनात खरोखर किती काळ मिळेल’ या प्रश्नावर निवड करावी.

प्रथम नावांचा घोळ सोडवणे आवश्यक आहे, कारण माहितीपत्रकांत एकसारख्या दिसणाऱ्या शब्दांआड वेगवेगळे अभ्यासक्रम असतात. ‘बी.एस.-एम.एस.’ किंवा ‘एकात्मिक एम.एस्सी.’ हा बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो. ‘इंटिग्रेटेड पीएच.डी.’ मात्र बी.एस्सी. झालेल्यांसाठी असते आणि तीत पदव्युत्तर पदवी व पीएच.डी. जोडलेली असते, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रसायनशास्त्रासाठी तशी सोय आहे. त्याच संस्थेचा बारावीनंतरचा बी.एस. (संशोधन) हा चार वर्षांचा असून इच्छुकांना पाचवे वर्ष पूर्ण करून पदव्युत्तर पदवी घेता येते. आयआयटी मुंबई आणि आयआयटी कानपूर येथील रसायनशास्त्राचा बी.एस. चार वर्षांचा आहे आणि त्याचा प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डमधून होतो. याखेरीज मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे जुन्या यूडीसीटीने, भुवनेश्वर आणि जालना येथील आवारांत पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक. सुरू केला आहे. तो रासायनिक अभियांत्रिकीचा आहे, रसायनशास्त्राचा नाही. रेणू कसा घडतो यात रस असलेल्याने आणि तोच रेणू टनावारी कसा बनवायचा यात रस असलेल्याने एकच अर्ज भरू नये.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसमोर प्रत्यक्षात तीन वाटा असतात. पहिली वाट आयसरची. २००६ साली पुणे आणि कोलकाता येथे सुरू झालेल्या या संस्था आता मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि ब्रह्मपूर धरून सात आहेत. पुण्याची संस्था पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शेजारी आहे, आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी हा शेजार फार मोलाचा आहे. दुसरी वाट अणुऊर्जा विभागाच्या संस्थांची: भुवनेश्वरचे नायसर, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारातील मूलभूत विज्ञान केंद्र, ज्याला सगळे सीईबीएस म्हणतात. तिसरी वाट विद्यापीठांची, म्हणजे जवळच्या महाविद्यालयात बी.एस्सी. करून पुढे एम.एस्सी.ला जाण्याची नेहमीची वाट आणि तिचे चार अधिक एक असे नवे रूप. पहिल्या दोन वाटांना प्रतिष्ठा अधिक आहे. पण घराजवळ राहून, कमी खर्चात, तिसऱ्या वर्षानंतर नोकरीची शक्यता हाताशी ठेवून शिकायचे असेल तर तिसरी वाट कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही. मात्र ती जाणीवपूर्वक आखावी लागते, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

संस्था पारखताना क्रमवारीच्या याद्यांपेक्षा काही साधे प्रश्न अधिक उपयोगी पडतात, आणि ते तिथे शिकत असलेल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावेत. तयार केलेल्या संयुगाचा एनएमआर, म्हणजे रेणूची रचना ओळखण्यासाठीचा वर्णपट, तुम्ही स्वतः नमुना भरून घेता, की छापलेला वर्णपट हाती देऊन फक्त अर्थ लावायला सांगतात? प्रात्यक्षिकाला प्रत्येकाचा संच वेगळा असतो, की चौघांत एक ब्युरेट असते? सेंद्रिय रसायनाच्या तासाला फ्यूम हूड, म्हणजे विषारी वाफा ओढून घेणारे कप्पे, पुरतात का? शेवटच्या वर्षाचा प्रबंध प्रत्यक्ष प्रयोगांवर असतो, की शोधनिबंधांचा आढावा लिहून भागवले जाते? या चारांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत निर्णायक समजावे. प्रबंधाचे वर्ष नाममात्र असेल तर सलग अभ्यासक्रम घेण्याचे मुख्य कारणच उरत नाही.

प्रवेश आणि कागदपत्रे

आयसरचा बी.एस.-एम.एस. प्रवेश आयसर अॅप्टिट्यूड टेस्ट, अर्थात आयएटी, या परीक्षेतून होतो. तीन तासांच्या या परीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र यांचे प्रत्येकी १५ असे ६० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, म्हणजे एकूण २४० गुण. बारावीला खुल्या आणि इतर मागास प्रवर्गासाठी ६० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ५५ टक्के गुणांची अट असते. नायसर आणि सीईबीएस यांची परीक्षा वेगळी असून तिचे नाव नेस्ट आहे. तीत चार विषयांपैकी सर्वोत्तम तीन विषयांचे गुण गुणवत्ता यादीसाठी धरले जातात. गणित किंवा जीवशास्त्र सोडलेल्या विद्यार्थ्याला त्यामुळे नेस्टमध्ये थोडा श्वास मिळतो, आयएटीत तो मिळत नाही. दोन्ही अर्ज भरावेत, आणि नियम दरवर्षी थोडेफार बदलत असल्यामुळे त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे. क्लासच्या भित्तिपत्रकावर विसंबू नये. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांनी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके शेवटपर्यंत सोडवून काढली पाहिजेत, कारण आयएटीचा आधार तीच आहेत.

या टप्प्यावर महाराष्ट्रातील विद्यार्थी अभ्यासात नव्हे तर प्रमाणपत्रात अडकतात. आयसर आणि नायसर या केंद्रीय संस्था असल्यामुळे तिथे राज्याच्या नमुन्यातील नॉन-क्रीमीलेअर चालत नाही. केंद्राच्या यादीत जात असल्याचा उल्लेख असलेले, केंद्रीय नमुन्यातील आणि विहित मुदतीतील प्रमाणपत्र लागते. राज्यात विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्ग म्हणून नोंद असलेल्यांनी आपली जात केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत आहे का, हे आधी तपासावे, कारण केंद्रात हे प्रवर्ग वेगळे नाहीत. मराठा समाजासाठीचे एसईबीसी आरक्षण राज्यापुरते आहे. केंद्रीय संस्थेत उत्पन्नाच्या व मालमत्तेच्या अटी पूर्ण होत असतील तर आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र काढावे लागते, आणि तेही चालू आर्थिक वर्षाचे. तहसील कार्यालयातील मे-जूनची गर्दी सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा ही कामे परीक्षेच्या अर्जाबरोबरच सुरू करणे शहाणपणाचे.

शिष्यवृत्तीचा विचारही याच वेळी व्हावा. नायसर आणि सीईबीएसच्या पात्र विद्यार्थ्यांसाठी अणुऊर्जा विभागाच्या ‘दिशा’ योजनेत वर्षाला ६०,००० रुपये आणि उन्हाळी प्रकल्पासाठी २०,००० रुपये अशी तरतूद राहिली आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती वर्षाला एकूण ८०,००० रुपयांची असून तिचा लाभ मूलभूत विज्ञान घेऊन साध्या बी.एस्सी.ला बसणाऱ्यालाही मिळू शकतो, ही गोष्ट छोट्या गावांतील महाविद्यालयांत अजूनही पुरेशी माहीत नाही. बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात येणाऱ्यांनी त्या वर्षीची अधिसूचना जरूर शोधावी.

पाच वर्षांची आखणी

आयसरमध्ये प्रवेश घेताना रसायनशास्त्र ही शाखा पक्की होत नाही. सुरुवातीच्या दीड-दोन वर्षांत चारही विज्ञानांचे सामाईक विषय शिकावे लागतात आणि त्यानंतर मुख्य विषयाकडे वळता येते. ‘मला तर फक्त केमिस्ट्री करायची आहे’ असे म्हणून या सत्रांकडे दुर्लक्ष करणारा विद्यार्थी पुढे हमखास अडतो, आणि अडतो तो गणितात. पुंज रसायनातील श्रोडिंगरचे समीकरण, रासायनिक गतिकीतील विकलक समीकरणे, रेणूंच्या सममितीसाठी लागणारा गट-सिद्धांत आणि त्यामागचे आव्यूह हे सगळे पहिल्या तीन सत्रांच्या गणितावर उभे आहे. अकरावीला गणित सोडून पीसीबी घेतलेल्यांनी बारावीची परीक्षा आणि वर्ग सुरू होणे यांमधील महिने कलन आणि आव्यूह शिकण्यात घालवावेत. सेंद्रिय रसायन घेतले म्हणजे गणितातून सुटका झाली, ही समजूतही सोडून द्यावी. आज सेंद्रिय रसायनाच्या शोधनिबंधांतही संक्रमण अवस्थेची ऊर्जा संगणकावर काढलेली असते. पायथॉन भाषेची जुजबी ओळख पहिल्या वर्षीच करून घेतली तर ती पुढे प्रयोगांच्या आकडेवारीसाठीही कामी येते.

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले सत्र भाषेमुळे जड जाते, विषयामुळे नव्हे. याला औषध एकच: प्रात्यक्षिकाची वही पहिल्या दिवसापासून इंग्रजीत, साध्या आणि छोट्या वाक्यांत, प्रयोग चालू असतानाच लिहायची. महाविद्यालयीन जर्नल आधी मित्राचे पाहून उतरवून मग सही घेण्याची आपल्याकडची पद्धत संशोधनाला मारक आहे. किती ग्रॅम घेतले, कोणत्या बाटलीतले घेतले, किती वाजता रंग बदलला, मिश्रणातील घटक वेगळे दाखवणाऱ्या टीएलसी प्लेटवर किती ठिपके दिसले, हे त्याच क्षणी लिहिलेले नसेल तर फसलेला प्रयोग दुरुस्त करण्यासाठी हाती काहीच उरत नाही. आकडा चुकला तर खोडून न टाकता एका रेघेने छेदावा, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो.

उन्हाळी सुट्ट्या हा या पाच वर्षांतील सर्वांत कमी वापरला जाणारा भाग आहे. मधल्या चार उन्हाळ्यांचा सर्वसाधारण क्रम असा ठेवता येईल की पहिल्यात आपल्याच संस्थेतील एखाद्या गटात काच धुण्यापासून रोटाव्हॅप (द्रावक उडवून लावणारे यंत्र) चालवण्यापर्यंतची कामे शिकावीत, दुसऱ्या व तिसऱ्यात बाहेरच्या संस्थांत जावे, आणि चौथ्यात प्रबंधाच्या विषयाची पूर्वतयारी करावी. तीन विज्ञान अकादम्यांची संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम आणि बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राच्या योजना यांसाठी आदल्या वर्षीच्या हिवाळ्यापासूनच अर्जांवर लक्ष ठेवावे लागते. मार्गदर्शकाला पत्र पाठवताना त्यांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध खरोखर वाचलेले असावेत आणि त्यांतील एखाद्या विशिष्ट प्रयोगाविषयी प्रश्न असावा. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला की तो तसा आहे हे पहिल्या ओळीतच कळते.

तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी सेंद्रिय, असेंद्रिय, भौतिक आणि वैश्लेषिक या चारही अंगांचे पायाभूत विषय पूर्ण करून मगच निवडीचे विषय एका दिशेला झुकवावेत. नोकरीचा विचार असेल तर हेही लक्षात घ्यावे की तारापूर, महाड, लोटे परशुराम किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतील औषध आणि रसायन कंपन्यांना सेंद्रिय संश्लेषण जाणणारे आणि एचपीएलसी हे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे उपकरण आत्मविश्वासाने हाताळणारे लोक हवे असतात. संशोधनकेंद्री संस्थांतील विद्यार्थ्यांना यांपैकी एचपीएलसीची गरज वाटत नाही आणि मुलाखतीत नेमके तेच विचारले जाते.

प्रबंधासाठी मार्गदर्शक निवडताना विषयाच्या आकर्षणापेक्षा गटाची कामाची पद्धत पाहावी. गटात किती पीएच.डी. विद्यार्थी आहेत, नवख्याला रोज कोण शिकवणार, लागणारी रसायने आणि उपकरणे आज उपलब्ध आहेत की मागवायची आहेत, हे विचारण्यात संकोच नसावा. एका वर्षाच्या प्रकल्पात दोन महिने एखाद्या उत्प्रेरकाच्या प्रतीक्षेत गेले तर ते भरून निघत नाहीत. सुरुवातीलाच दोन प्रश्न ठरवून घ्यावेत: एक जोखमीचा, ज्याचे उत्तर अनिश्चित आहे, आणि दुसरा खात्रीचा, ज्यातून काही ना काही आकडे नक्की हाती येतील. लेखन शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवू नये. प्रायोगिक भाग आणि वर्णपटांची मांडणी दर आठवड्याला होत गेली तर प्रबंधाचा मोठा हिस्सा आपोआप तयार होतो.

महाविद्यालयातून हीच वाट

राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून, आणि अनेक स्वायत्त महाविद्यालयांत त्याच्या आदल्या वर्षापासून, नवे धोरण लागू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीप्रमाणे तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची (क्रेडिट) आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी १६० श्रेयांकांची आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असलेल्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येते, त्यात १२ श्रेयांकांचा प्रकल्प असतो. चार वर्षांनंतरची पदव्युत्तर पदवी एका वर्षाची, तर तीन वर्षांनंतरची दोन वर्षांची. इथे एक प्रश्न आधीच विचारून ठेवावा: महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला संशोधन केंद्राची मान्यता आहे का आणि पीएच.डी.चे मार्गदर्शक असलेले किमान दोन कायमस्वरूपी प्राध्यापक तिथे आहेत का? तसे नसेल तर संशोधनासह ऑनर्स तिथे मिळणार नाही, आणि चौथे वर्ष त्याच ठिकाणी काढण्यापेक्षा तीन वर्षांनी बाहेर पडून चांगल्या विभागात दोन वर्षांची एम.एस्सी. करणे माझ्या मते अधिक फायद्याचे आहे.

त्यासाठी आयआयटी आणि इतर संस्थांतील एम.एस्सी. प्रवेशाची जॅम ही परीक्षा द्यावी. रसायनशास्त्राच्या १०० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत ६० प्रश्न असतात. त्यांपैकी ३० एकपर्यायी, १० बहुपर्यायी आणि २० आकडी उत्तरांचे, आणि वजा गुण फक्त एकपर्यायी प्रश्नांपैकी चुकलेल्यांना. टीवायला असतानाच ती देता येते. तयारी एसवायच्या अखेरीस सुरू करावी, म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षेशी तिची टक्कर होत नाही. महाविद्यालयात शिकणाऱ्यांसाठी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा विज्ञान उपक्रम मुंबईत मानखुर्दलाच चालतो आणि त्यात रसायनशास्त्राची प्रायोगिक शिबिरे होतात. पहिल्या वर्षीच अर्ज करावा लागत असल्यामुळे ही संधी बहुतेकांच्या हातून माहितीअभावीच जाते. एम.एस्सी.च्या नव्या रचनेत दुसऱ्या सत्राच्या सुमारास कार्यप्रशिक्षण असते, ज्याला सगळे ओजेटी म्हणतात. ते ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणण्याऐवजी एखाद्या कंपनीच्या गुणनियंत्रण विभागात किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेत खरोखर करावे.

पदवी हाती आल्यावर

बी.एस.-एम.एस.च्या शेवटच्या वर्षी सीएसआयआर-नेट आणि गेट या दोन्ही परीक्षा देता येतात, आणि नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३च्या दरवाढीनंतर ती महिना ३७,००० रुपयांची आहे. महाराष्ट्र व गोव्यात प्राध्यापक व्हायचे असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेत असलेली सेटही चालते. मात्र काही जाहिरातींत ‘एम.एस्सी. रसायनशास्त्र’ एवढेच लिहिलेले असते आणि छाननी करणारा लिपिक ‘एम.एस.’ पाहून अडखळतो. म्हणून मुख्य विषय रसायनशास्त्र असल्याचे आणि पदवी समकक्ष असल्याचे संस्थेचे पत्र गुणपत्रकांसोबत काढून ठेवावे. परदेशाचा विचार असेल तर इंग्लंडमधील चार वर्षांचा एम.केम. हा आपल्या एकात्मिक पदवीचाच भाऊबंद आहे. जर्मनीत बहुतेक ठिकाणी तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांची मास्टर पदवी अशी विभागणी असते, आणि तिथल्या व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे, प्रमाणपत्र बंधनकारक आहे. दोन वेगळ्या पदव्या असलेल्याला तिथे कागदपत्रे समजावून सांगणे सोपे जाते, तर एकात्मिक पदवीवाल्याला प्रबंधाचे बळ असते.

मध्येच थांबावे लागले तर काय, हा प्रश्न प्रवेश घेतानाच विचारावा. नव्या चौकटीत एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि तीन वर्षांच्या आत परत येण्याची सोय आहे, परंतु एकात्मिक अभ्यासक्रमांचे नियम संस्थेगणिक वेगळे असतात. तीन किंवा चार वर्षांनंतर कोणती पदवी मिळेल, तिच्यासाठी किती श्रेयांक लागतील आणि ते श्रेयांक अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात का, याचे उत्तर नियमावलीतील कलमासह लेखी घ्यावे आणि शुल्काच्या पावतीसोबत जपून ठेवावे.